छुप्या फोल्डरमधला राजा

हे लिहिणारच नव्हतो. टाइप केलं, पुसलं, परत टाइप केलं. यात मी काही फार बरा दिसत नाही. पण जाऊ दे.

देवयानी सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये आमच्या मागच्या ब्लॉकला राहते. लहानपणापासून तिच्या घरी जे बिघडेल ते मी उघडायचो. कॉम्प्युटर मी कॉलेजात शिकलो नाही. व्हिडिओ बघून शिकलो, आणि लोकांची मशीन बिघडवून. आता नेहरू प्लेसला रिपेअरच्या दुकानात बसतो.

तरी लॅपटॉपवर नवीन विंडोज टाकायला तिने मंडळातल्या अनुरागला बोलावलं. गुरुग्रामहून. इंजिनिअर आहे, कंपनीचं कार्ड गळ्यात तसंच ठेवून मेट्रोने आला म्हणे. मी हाकेच्या अंतरावर.

मग शुक्रवारी तिचा फोन. "यतीन, मोकळा आहेस का रे? सगळं गेलं."

गेलं म्हणजे गणपतीतल्या नाटकाचं रेकॉर्डिंग. आमच्या मंडळात पोरं स्टेजवर बोलत नाहीत, नुसते ओठ हलवतात. इथे हिंदीत वाढलेल्या पोरांना मराठी संवाद पाठ होत नाहीत, म्हणून मोठी माणसं आधी बोलून ठेवतात आणि ते स्पीकरवर लावायचं. नाटक रविवारी होतं.

"सेव्ह केलं होतंस ना?" मी पोचल्या पोचल्या विचारलं.

"प्रोग्रॅम उघडाच असायचा. मी फक्त झाकण लावायचे."

"आणि अनुरागने?"

"त्याने बटण दाबून बंद केला. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, फोटो सगळं परत दिलं त्याने. हेच नाही. म्हणाला, सॉरी यार, गेलं. संध्याकाळी येऊन जुना कचरा साफ करून देतो, जागा कमी आहे."

मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू.

प्रभाकाकू, म्हणजे तिची आई, आतून म्हणाल्या, "त्या एवढ्या शिकलेल्याला नाही सापडलं, तर..."

"आई."

"मी काही म्हटलं का? यतीन, पोहे टाकतेय."

अनुरागने डिस्क फॉरमॅट केली नव्हती. फॉरमॅट न करता नवीन टाकलं की विंडोज जुनं सगळं एका फोल्डरमध्ये ढकलते, थोडे दिवस ठेवते, मग स्वतःच टाकून देते. त्यात देवयानीच्या नावाचा फोल्डर होता. वरवर तिथे काही नव्हतं. छुपे फोल्डर दाखव, या पर्यायावर टिक केली. एक फिकट पिवळा फोल्डर उगवला. क्लिक केलं तर म्हणे परवानगी नाही. कंटिन्यू दाबलं. सेव्ह न केलेलं काम बिचारे प्रोग्रॅम अशाच ठिकाणी लपवून ठेवतात.

फाइल होती.

देवयानी चहा आणायला आत गेली होती. मी हेडफोन लावला.

"प्रधानजी, राज्यात एवढी शांतता का?" अनुराग. राजा अनुराग होता. मला ती म्हणाली होती, आवाज सगळे मिळाले, तू स्पीकर बघ.

मग तिचं हसणं. "परत घे. राजा आहेस की चौकीदार?"

"तू समोर बसलीस की मला राजा होता येत नाही यार."

परत हसणं. दोघांचं. बराच वेळ.

मी हेडफोन काढला. नुसतं 'नाही सापडलं' म्हटलं असतं तरी पुरलं असतं. संध्याकाळी अनुराग येऊन स्वतःच्या हाताने सगळं पुसणार. मी कशालाच हात लावला नसता. आणि ती परत कधी त्याला बोलावणार नव्हती.

ती चहा घेऊन आली. "नाही ना? राजा होणाऱ्या मृणालने मुकुट घालून आरशासमोर बसायला सुरुवात केलीय. आठ वर्षांची पोर. तिला काय सांगू मी?"

मी हेडफोनची वायर उपटली. खोलीभर राजा बोलायला लागला. माझं बोट आपोआप आवाज कमी करायच्या बटणावर गेलं. तिने माझ्या हातावरून हात नेऊन आवाज वाढवला.

मग काय, लगेच अनुरागला फोन, स्पीकरवर. "काही पुसायचं नाहीये. यतीनला सापडलं."

"क्या बात है. यतीन भाई, मला सुचलंच नसतं. शिकव ना यार कधी."

वाईट वाटून घेतलं असतं त्याने तर मला झोप लागली असती. साला मनापासून बोलला.

फाइल मी पेनड्राइव्हवर घेतली, मेलवर टाकली, माझ्या फोनमध्येही ठेवली. देवयानी बघत होती.

"मधलं हसणं काप हं," ती म्हणाली.

"आनंदाने."

"कापून मला वेगळ्या फाइलमध्ये दे."

मी चहा प्यायलो. गार झाला होता.

"रविवारी लॅपटॉपवर तूच बसायचंस," ती म्हणाली.

"अनुराग का नाही?"

"त्याला समोर बसून ऐकायचंय. आणि तू असलास की मला टेन्शन नसतं." मग माझ्याकडे नीट बघत, "फक्त राजा बोलायला लागला की आवाज कमी करायचा नाही."

"मी कधी केला?"

"आत्ता. माझ्यासमोर."

काकू पोहे घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनीही बघितलं असणार.

"नाही करणार," मी म्हटलं. "शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल तुझा राजा. प्रॉमिस."