क्षच्या जागी

“क्ष म्हणजे तुझं वय. मग तुझ्या बाबाचं वय कसं लिहायचं?”

प्रश्न तोंडातून गेला आणि मग मला भान आलं. एकतीस वर्षं मी सहावीला बैजिक राशी शिकवतेय आणि एकतीस वर्षं पहिला प्रश्न हाच विचारतेय. मेंढ्यांच्या आणि सफरचंदांच्या उदाहरणांना पोरं जांभया देतात, आईबापाचं वय काढायचं म्हटलं की सरसावून बसतात. सवयीने फळ्यापाशी गेले, सवयीने बोलले. मेली सवय. पहिल्या बाकावरून हात वर झाला तो नेमका बेर्मेतचा.

बेर्मेतचा बाप, आदिलेत, सोमवारी मॉस्कोत बांधकामाच्या परांचीवरून पडून गेला होता. मंगळवारी तिच्या आईचा तिथून फोन आला तो तोक्तोसून आजोबांना, गावातल्या सगळ्यात थोरल्या माणसाला. आज बुधवार. एव्हाना अख्ख्या गावाला कळलं होतं. बेर्मेत आणि तिची आजी, या दोघी सोडून. आमच्याकडे अशी बातमी कुणीही उठून सांगत नाही. गावातली थोरली माणसं एकत्र जातात, आडवळणाने, गेलेल्याचं नाव न घेता सांगतात. तीही मयत दारात आणायच्या दिवशी, म्हणजे घरच्यांवर एकट्याने रडायची वेळ येत नाही. आदिलेतला गुरुवारी आणणार होते. तोवर सगळ्यांनी तोंडं शिवून बसायचं.

“क्ष अधिक सत्तावीस, एजे,” बेर्मेत म्हणाली. एजे म्हणजे थोरली बहीण. साठीला टेकले तरी गावातल्या तीन पिढ्यांची मी एजेच आहे. “मी बाराची, म्हणजे बाबा एकोणचाळीस.”

तिथेच थांबायला हवं होतं. पण मागच्या बाकांवर दोघातिघांनी माना खाली घातल्या होत्या, वर्ग गप्प झाला होता, आणि सहावीचा वर्ग गप्प झाला की शहाण्या पोरीला संशय येणारच. म्हणून मी बोलत राहिले.

“क्षच्या जागी वीस ठेव.”

“सत्तेचाळीस.”

“चाळीस ठेव.”

“सदुसष्ट.” ती हसायला लागली. “तेव्हा त्याला घोड्यावर मलाच चढवावं लागणार, एजे. आत्ताच गुडघे दुखतात म्हणतो.”

आणि मी काय केलं असेल? शाब्बास म्हटलं. वर तिच्या वहीत लाल पेनाने पाचाचा आकडा काढला, पैकीच्या पैकी. त्याची मला अजून लाज वाटते.

शाळा सुटल्यावर तडक तोक्तोसून आजोबांकडे गेले. त्यांनी चहा ओतला, पाव मोडून पुढे केला. मी म्हटलं, उद्या त्या पोरीशी सरळ बोला. तुमच्या आडवळणातलं तिला काय कळणार, बारा वर्षांचं लेकरू ते. आणि मी आज भर वर्गात तिच्याशी खोटं बोलून आले आहे, तेही गणित शिकवताना. गणिताची बाई खोटं बोलायला लागली तर पोरांनी बघायचं कुणाकडे?

आजोबांनी ऐकून घेतलं. ते कधी मध्ये बोलत नाहीत, त्याचाच राग येतो.

“आडवळण हे लगेच कळू नये म्हणूनच असतं, शारिपा,” ते म्हणाले. “कळेपर्यंत माणसाला दोन श्वास जास्त मिळतात. तेवढेच आपल्या हातात आहेत.”

उद्या मीही यावं, पोरीला धरून बसावं, तिचा माझ्यावर जीव आहे, असं त्यांनी वर सांगितलं. मी हो म्हटलं. माझा स्वतःचा मुलगा येकातेरिनबुर्गला टॅक्सी चालवतो. रविवारी फोन करतो. एखाद्या बुधवारी फोन वाजला की मी दोन रिंगा तशाच जाऊ देते, मग उचलते. आजोबांचे दोन श्वास मला न कळायला काय झालं?

गुरुवारी सकाळी आम्ही सहा जण गेलो. बेर्मेतची आजी दूध तापवत होती. इतकी माणसं एकदम दारात बघून तिने दूध उतरवलं आणि डोक्यावरचा रुमाल नीट केला. बेर्मेत शाळेच्या कपड्यांत होती. मला बघून खूश झाली, आज घरीच शिकवणार का म्हणाली. मी तिच्याशेजारी बसले, तिचा हात हातात घेतला.

तोक्तोसून आजोबा खाली बघत बोलू लागले. “चरायला सोडलेला एक उमदा घोडा होता. दोर तुटला, डोंगरापलीकडे गेला. ज्याने दिला होता त्यानेच हाक मारली. आता तो कुणाच्या शिट्टीला परत यायचा नाही.”

वाक्य पुरं व्हायच्या आत आजीला कळलं. तिने स्वतःच्या तोंडावर हात दाबून धरला, आवाज नाही. बाया तिच्याकडे सरकल्या. बेर्मेत मात्र एकेकाकडे बघत राहिली.

“कोणाचा घोडा?” तिने विचारलं.

आजोबांनी तेच पुन्हा सांगितलं, आणखी हळू. मग तिने माझ्याकडे पाहिलं. वर्गात काही अडलं की बघते तसंच.

“एजे, आजोबा काय म्हणतायत?”

सगळ्यांच्या नजरा माझ्यावर आल्या. नाव घ्यायचं नसतं, मला माहीत होतं. पण अक्षराच्या जागी किंमत ठेवल्याशिवाय उत्तर येत नाही, हे या पोरीला मीच शिकवलं होतं, आणि काल तिच्याशी खोटंही मीच बोलले होते.

“तुझा बाबा गेला, बेर्मेत. आदिलेत गेला.”

कुणीतरी चुकचुकलं. बेर्मेत रडली नाही.

“कधी?”

“सोमवारी.”

ती हिशोब करत होती. माझ्या हातातला तिचा हात हळूच निघून गेला.

“म्हणजे काल वर्गात तुम्हाला माहीत होतं.”

“हो.”

“तरी चाळीस ठेव म्हणालात.”

ती उठून आजीच्या कुशीत शिरली आणि तिथे मोठ्याने रडली. बाहेर पुरुषांनी आदिलेतला ठेवण्यासाठी अंगणात राहुटी उभारायला घेतली. दुपारी त्याला घेऊन गाडी आली तेव्हा मी बायांमध्ये बसून सगळ्यांबरोबर रडले. खूप रडले. बेर्मेतने माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही.

बारा दिवसांनी ती शाळेत आली. पहिल्याच बाकावर बसली, विचारलेलं नीट सांगितलं, ‘एजे’ही म्हणाली. हात मात्र वर केला नाही. शनिवारी मी सगळ्यांच्या वह्या तपासायला घेतल्या, त्यात तिचीही होती. त्या पानावर सत्तेचाळीस तसाच होता, सदुसष्टही. माझा पाचही तसाच. तिने काहीच खोडलं नव्हतं. फक्त ‘क्ष + २७’ च्या पुढे कंसात, बारीक अक्षरांत, लिहिलं होतं: क्ष = १२ पर्यंतच.

मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. खरं सांगते, मी चूक शोधत होते. एखादी सापडली असती, तर समजावून सांगायला तिला जवळ बोलावता आलं असतं.

चूक नव्हती.