शेरा: पत्नी, शिलाई मशीन

भूकंप मोजायचं यंत्र ज्या गावात बसवलं होतं, त्या गावात भूकंप कधी झालेला नव्हता. मग यंत्र तिथेच का बसवलं, हे ज्या साहेबांना ठाऊक असावं ते केव्हाच निवृत्त होऊन गेले होते. यंत्र मात्र राहिलं, आणि यंत्राबरोबर काका राहिले. सव्वीस वर्षं.

काकांचं काम थोडं होतं, पण रोजचं होतं. सकाळी आठला यंत्राच्या फिरत्या रुळावरचा कालचा कागद उतरवायचा, नवा चढवायचा, सुईला शाई घालायची. सुईनं कागदावर कुठे थरथर काढली असेल तर तिथे भिंग लावून पाहायचं, नोंदवहीत वेळ टाकायची आणि शेऱ्याच्या रकान्यात कारण लिहायचं. 'ट्रक.' 'दार आपटले.' 'मांजर.' बाराच्या ठोक्याला मोठ्या कचेरीला फोन करून सांगायचं, "निरंक." म्हणजे, कळवण्यासारखं काही नाही. कधी समुद्रापलीकडे कुठेतरी मोठा भूकंप झाला की सुई तासभर संथ हेलकावे घेई. ते काकांना बरोबर ओळखू येत. पण ते कळवायला फोन करावा, तर कचेरीनं बातमी आधीच रेडिओवर ऐकलेली असे.

फोन खिडकीशी होता आणि खिडकी रस्त्यावर होती. रोज बारा वाजता सगळी गल्ली तो एक शब्द ऐके, त्यामुळे गल्लीनं त्यांचं नाव निरंककाका ठेवलं होतं. काकांना त्याचा राग येत नसे. राग यायला हवा की नको, हेच त्यांचं कधी नक्की ठरलं नव्हतं.

यंत्राच्या खोलीला लागूनच त्यांचं दोन खोल्यांचं सरकारी बिऱ्हाड होतं. मधली भिंत एकच. भिंतीच्या पलीकडे काकूंचं पायानं चालवायचं शिलाई मशीन. गल्लीतल्या निम्म्या बायकांचे कपडे आणि झाडून सगळ्यांचे पडदे काकूच शिवत. पातळ कापड असलं तर ठीक. पण जाडंभरडं काही लागलं, की भिंतीच्या त्या बाजूची सुई चाले आणि या बाजूची थरथरे. मग काका भिंतीवर मुठीनं दोनदा ठोकत. काकू पाय थांबवत. काका रकान्यात लिहीत: 'पत्नी, शिलाई मशीन.' संसारात अशा काही गोष्टी न बोलता ठरून जातात, तशी ही ठरली होती.

त्या सोमवारी पत्र आलं. सव्वीस वर्षांत या केंद्रावर एकही स्थानिक भूकंप नोंदला गेला नसल्यामुळे केंद्र बंद करण्यात येत आहे. गुरुवारी अधिकारी येऊन यंत्र ताब्यात घेतील. निवासस्थान महिनाअखेर रिकामं करावं. काकांची निवृत्तीपर्यंतची तीन वर्षं मोठ्या कचेरीच्या कोठारात.

काकूंनी पत्र दोनदा वाचलं. "भूकंप झाला नाही, हा काय तुमचा दोष?"

"तसं लिहिलेलं नाहीये त्यांनी."

"सुचवलंय. आणि माझं मशीन कुठे ठेवायचं? तुमच्या कोठारात?"

"एखादा झाला असता ना," काका खालच्या आवाजात म्हणाले, "लहानसा. कुणाला इजा न होणारा."

"इतक्या वर्षांत कधी काही मागितलं नाहीत," काकू म्हणाल्या, "आणि मागितलं तर हे. मी कुठून आणू तो?"

बुधवारी सकाळी काका जुन्या कागदांच्या गुंडाळ्या वर्षवार लावून ट्रंकेत भरत होते. बाराला चार मिनिटं कमी असताना पायाखालची फरशी थरथरली. टेबलावरचा पेला बशीवर वाजला. यंत्राची सुई एकदम या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरली.

काकांना वाईट वाटलं. निदान आजच्या दिवशी तरी तिनं जरा सबुरीनं घ्यायला हवं होतं. ते उठले आणि त्यांनी भिंतीवर ठोकलं. एकदा. दुसऱ्यांदा ठोकताच थरथर थांबली.

आपण जरा जास्तच जोरात ठोकलं का, असं त्यांना वाटून गेलं. मग त्यांनी चष्मा पुसला आणि वहीत लिहिलं: '११.५६. पत्नी, शिलाई मशीन.' आजची थरथर नेहमीपेक्षा मोठी होती. म्हणून त्यांनी प्रामाणिकपणे पुढे कंस घातला: '(जाड कापड.)' बारा वाजले. त्यांनी फोन उचलला आणि सांगितलं, "निरंक."

फोन ठेवला तेव्हा रस्त्यावर बराच गलका चालल्याचं त्यांच्या लक्षात आलं. ते दारात गेले. सगळी गल्ली बाहेर उभी होती आणि जो तो कुणावर ना कुणावर तरी चिडलेला होता. ज्या गावात भूकंप होत नाही तिथे तो झाला, तर माणसं आधी शेजाऱ्यालाच जाब विचारतात. सलूनवाला हातात वस्तरा घेऊन वरच्या गॅलरीकडे बघत होता.

"वहिनी, कपाटं सरकवायची तर आधी हाक मारत जा. माझ्या गिऱ्हाइकाची अर्धी मिशी गेली."

"मी कपाट सरकवते?" वरून आवाज आला. "तुमचा पाण्याचा पंप बदला आधी. घर उडवाल एक दिवस."

"पंप आठ दिवस बंद आहे."

"मग बंद पंपाचा एवढा आवाज? चालू असता तर काय झालं असतं?"

दातांच्या डॉक्टरांकडचा रोगी गळ्यात रुमाल तसाच ठेवून फुटपाथवर आला होता. डॉक्टर त्याला समजावत होते, की खुर्ची मी हलवली नाही, तुम्हीच हललात. अर्ध्या मिशीचं गिऱ्हाईक कुणाची बाजू घ्यावी या विचारात गप्प उभं होतं.

तेवढ्यात कोपऱ्यावरून काकू आल्या. हातात कापडी पिशवी.

"अहो, भूकंप झाला," त्या म्हणाल्या. "दोऱ्याच्या दुकानातली रिळं सगळी खाली आली. काळा कुठला नि गडद निळा कुठला, दुकानदारालाच कळेना. मी उजेडात धरून निवडून आणले."

काका त्यांच्याकडे बघतच राहिले. "तू घरात नव्हतीस?"

"घरात असते तर इकडून कशी आले असते?"

"निघालीस किती वाजता?"

"साडेअकराला. तुम्हाला सांगून गेले की. तुम्ही 'हं' म्हणालात."

काका पायरीवर बसले. मग उठून आत गेले, आणि मागोमाग काकूही गेल्या. वही उघडीच होती. काकूंनी ती ओळ वाचली. कंसासकट वाचली.

"म्हणजे," त्या सावकाश म्हणाल्या, "सव्वीस वर्षांत एक भूकंप आला, आणि तो तुम्ही माझ्या नावावर घातलात."

काकांनी चष्मा पुन्हा पुसायला घेतला.

"आणि जाड कापड कुठलं म्हणे?"

"मला वाटलं, ताडपत्री."

"ताडपत्री मी शिवते का?"

"तू शिवत होतीस असं म्हणता नाही का येणार?" काकांनी घाबरत विचारलं. "म्हणजे वही तरी खरी ठरेल."

"आणि डॉक्टरांची खुर्ची, ती मिशी, ती रिळं? सगळं माझ्या मशीननं हललं? पायात एवढा जोर असता तर मी शिवत बसले असते होय?"

फोन वाजला. मोठी कचेरी. वर्तमानपत्रवाले विचारतायत, तुमचं गाव हललं म्हणून, आणि तुम्ही तर निरंक सांगितलंत. "तपासून सांगतो," काका म्हणाले आणि त्यांनी फोन असा अलगद ठेवला, जणू तोही नोंदला जाईल.

वहीच्या पानांना छापील क्रमांक होते. खाडाखोड करायची नाही, पान फाडायचं नाही, हे पहिल्याच पानावर लिहिलेलं होतं आणि त्याखाली काकांची सव्वीस वर्षांपूर्वीची सही होती. काकांनी शाईची बाटली उचलली. शाई सांडू शकते. माणसाच्या हातून काय होत नाही? ते बाटली पानावर तिरपी धरून बराच वेळ उभे राहिले.

"ठेवा ती," काकू दारातून म्हणाल्या. "सांडायचं तरी नीट जमणार आहे का तुम्हाला? माझ्या पडद्यांवर उडेल."

काकांनी बाटली ठेवली. खरं तर कुणीतरी तसं म्हणावं याचीच ते वाट पाहत होते.

गुरुवारी अधिकारी आल्या. तिशीच्या असाव्यात, पाठीला पिशवी, बुटांना धूळ. चहासुद्धा न घेता त्यांनी कालचा कागद टेबलावर पसरला आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला.

"किती स्वच्छ उमटलाय. अगदी जवळचा आहे हा. शाई, वेळ, सगळं चोख. काका, एवढं चांगलं ठेवलेलं यंत्र मी पाहिलं नाही."

काकांना क्षणभर बरं वाटलं. मग बाईंनी वही ओढली आणि शेऱ्याच्या रकान्याशी त्यांचं बोट थांबलं.

"पत्नी म्हणजे?"

"मी," काकू म्हणाल्या. त्या गळ्यात मापाची टेप अडकवून दारात उभ्या होत्या.

बाईंना खोकला आला. तो आवरल्यावर त्यांनी विचारलं, "काका, लांबचा भूकंप आणि जवळचा भूकंप कागदावर वेगळा दिसतो, हे तुम्हाला कुणी शिकवलं नाही? लांबचा संथ असतो. जवळचा लहान भूकंप म्हणजे चटकन आला नि गेला."

"तीन दिवसांचं प्रशिक्षण होतं," काका म्हणाले. "लांबचे दाखवले. जवळचे राहिले. साहेब म्हणाले, तुम्हाला लागणार नाहीत."

बाई पानं उलटू लागल्या. एक वही, दुसरी वही. 'पत्नी, शिलाई मशीन.' 'पत्नी, शिलाई मशीन.'

"हे असे किती आहेत?"

"कालचा सोडून चारशे बारा," काका म्हणाले. मोजदादीत ते पक्के होते.

"आणि या सगळ्या वेळी काकू शिवतच होत्या?"

काकांनी 'हो' म्हणायला तोंड उघडलं.

"नाही," काकू म्हणाल्या.

त्या आत आल्या आणि खुर्ची ओढून बसल्या. "एकोणीस वेळा मी मशीनला हातसुद्धा लावला नव्हता. पहिली वेळ, माझ्या धाकट्या बहिणीला मुलगी झाली त्या दिवशी. दुपारी मी दवाखान्यात. संध्याकाळी घरी आले तर हे म्हणाले, 'दुपारी जरा जास्तच शिवलंस.' वर पेढासुद्धा घेतला नाही."

"तारीख आठवते?" बाईंनी पेन काढलं.

"तारीख कशी विसरेन? भाचीचा वाढदिवस असतो की दरवर्षी. दुसऱ्या वेळी मशीनचा पट्टा तुटला होता. चार दिवस मशीन दुरुस्तीला दुकानात, आणि इथे आपलं ठोकणं चालू. तिसऱ्या वेळी मी यांच्याच समोर बसून यांच्याच शर्टाला बटण लावत होते. हातानं. यांनी उठून भिंतीवर ठोकलं."

"समोर बसलेली असताना?"

"सवयीनं," काका पुटपुटले.

काकूंनी कपड्यांच्या मापांची वही आणली. कुठलं माप कधी घेतलं, याच्या तारखा तीत होत्या. बाकीचं त्यांच्या डोक्यात होतं. अन्यायाला वहीची गरज नसते. त्या एकेक प्रसंग सांगत गेल्या, बाई तारीख लिहीत गेल्या आणि काका ट्रंकेतून त्या त्या दिवसाची गुंडाळी काढून देत गेले. बाई भिंग लावायच्या, मान हलवायच्या आणि कागदावर खूण करायच्या. दुपारपर्यंत टेबलावर जागा उरली नाही.

"तू तेव्हाच का बोलली नाहीस?" काकांनी एका गुंडाळीच्या आडून हळूच विचारलं.

"बोलले होते. प्रत्येक वेळी बोलले. तुम्ही म्हणायचात, यंत्र खोटं बोलत नाही."

चार वाजता बाईंनी चष्मा काढून डोळे चोळले. "एकोणिसांपैकी चौदा भूकंप आहेत. लहान, पण या गावाखालचे. उरलेल्या पाचांत मात्र मला शिलाई मशीनच दिसतंय, काकू."

काकूंनी टेप बोटाला गुंडाळली. "त्या पाच वेळा मी शिवतच होते," त्या म्हणाल्या. "पण ठोकायची ही काय रीत झाली? माणसानं दारात येऊन विचारावं."

बाई उठल्या आणि खिडकीशी जाऊन त्यांनी फोन लावला. समोर सलूनवाल्याची कात्री थांबली. वरची गॅलरी कान देऊन उभी राहिली.

"सर, केंद्र बंद करता येणार नाही," बाई म्हणाल्या. "निरंक नाही. कालचा धरून पंधरा. हो, एक आणि पाच, पंधरा. नाही सर, यंत्रात दोष नव्हता." त्यांनी वळून काकांकडे पाहिलं. काका ट्रंकेचं झाकण पुसत होते. "कागद सव्वीस वर्षांचे एकूण एक जपलेत. फक्त शेऱ्याचा रकाना जरा तपासून घ्यावा लागेल."

महिनाअखेर आली आणि गेली. बिऱ्हाड तिथेच राहिलं. मोठ्या कचेरीनं जवळच्या भूकंपांची चित्रं पाठवली, ती काकांनी भिंतीवर लावली. सोबत एक लेखी सूचनाही आली: यापुढे शेऱ्याच्या रकान्यात 'पत्नी' असे लिहिल्यास त्यापुढे पत्नीची सही घ्यावी. काकू सही करत, पण आधी सगळी ओळ वाचत, आणि तीही हातातली शिवण संपल्यावर.

दोन महिन्यांनी एका सकाळी काका सुईला शाई घालून नुकतेच बसले होते. पेला बशीवर किणकिणला. सुई या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. काका उठले, भिंतीशी गेले आणि त्यांनी मूठ उचलली. मग ती तशीच हवेत राहिली. विचारायला दारात जावं का, की आधी वेळ लिहावी, हे त्यांना ठरवता येईना.

तेवढ्यात भिंतीवर पलीकडून दोनदा ठोकल्याचा आवाज आला.

काका टेबलाशी परतले. त्यांनी घड्याळ पाहून वेळ टाकली आणि शेऱ्याच्या रकान्यात सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'पत्नी नव्हे.'