पंख्याला बांधलेला माउस

सायबर सुरक्षेचा नवा नियम आला आणि कारखान्यातल्या यंत्रांचे स्क्रीन, जरा वेळ हात लावला नाही की, आपोआप बंद व्हायला लागले. पुन्हा उघडायचे तर पासवर्ड. ही सोय केली संगणकवाल्या ताईंनी, आणि कामगारांच्या शिव्याही त्यांनीच खाल्ल्या.

नियम पाळला जातो का, हे बघायला तपासनीस यायचे त्या दिवशी सकाळी ताई भट्टीपाशी आल्या आणि त्यांनी कपाळाला हात लावला. भट्टीवाल्या मामांनी माउस सुतळीनं फिरत्या पंख्याला बांधला होता. पंखा मान वळवायचा, माउस टेबलावर सरकायचा आणि स्क्रीन टक्क जागा!

"मामा, तपासनिसांनी हे पाहिलं तर माझी नोकरी जाईल!"

"मग सोडा की. मी कुठं अडवलंय?"

ताईंनी सुतळी सोडली. थोड्या वेळानं स्क्रीन काळा झाला, आणि नेमकी तेव्हाच भट्टी जास्त तापल्याची शिट्टी वाजली. मामांनी जाड हातमोजे ओढून काढले आणि घामेजल्या बोटांनी पासवर्ड टाकला. चुकला. पुन्हा चुकला. जमला तोवर आतला माल करपला होता.

ताईंनी साहेबांना फोन लावला. "या एका स्क्रीनला सूट मागू या का?"

"सूटबिट काही नाही! नियमही पाळायचा आणि मालही काढायचा. तुम्हाला ठेवलंय कशाला?"

फोन बंद झाला. फाटकातून तपासनिसांची गाडी आत शिरली. मामा नवा माल भरत होते. ताई खाली वाकल्या, त्यांनी माउसची सुतळी कुणाला दिसू नये अशी टेबलाखालून ओढून घेतली आणि पुन्हा पंख्याला बांधली.

"ढिली बांधलीत," मामा म्हणाले.

ताईंनी गाठ दातांनी आवळली.