कोलमनला तळ्याकाठनंच न्यायचं

सबीना गेरटीच्या नवऱ्याची शवपेटी फाटकापाशी आली तेव्हा फाटकाला कुलूप होतं. असणारच. तळ्याकाठचं हॉटेल विकत घेतल्यापासून हॅलोरन साहेबांना कुलपांचं भारी वेड. दफनभूमी पलीकडे, तळ्याच्या टोकाला. कोलमनचे आईबाप, आजा, सगळे याच वाटेनं खांद्यावरून गेलेले. "मला तळ्याकाठनंच न्या," एवढंच तो शेवटी म्हणाला होता.

हॅलोरन आतल्या बाजूला उभा होता. "बाई, वाईट वाटतं हो मला. पण ही खाजगी जागा आहे. डांबरी रस्त्यानं गाडीतून न्या की, दहा मिनिटांत पोचाल."

"त्याला आता कुठं जायची घाई आहे?"

फादर टायनननी घसा खाकरला. "सबीना, कशाला तंटा? देव दोन्ही वाटांनी भेटतो."

"देव भेटेल हो, फादर. माझ्या सासूची पेटी टेकली तिथली दगडांची रास नाही भेटायची त्या रस्त्याला."

सकाळपासून तिला रडू फुटलं नव्हतं. नुसता संताप येत होता आणि त्याचं तिला बरंच वाटत होतं.

"वहिनी, खांदे भरून आले," कोलमनचा होडीतला जोडीदार फेस्टी कुजबुजला. "काय करायचं?"

"टेकवा."

"इथं?"

"इथंच. फाटकाच्या तोंडाशी."

फेस्टीला हसू आवरेना. या भागात पेटी जिथं टेकते तिथं सोबतचा प्रत्येक जण एक दगड ठेवतो आणि ठेवलेला दगड पुढं कुणी हलवत नाही. दुप्पट मजुरी द्या, तरी नाही. पेटी टेकली आणि साठ-सत्तर माणसं निमूटपणे दगड वेचायला पांगली. बरेचसे हॉटेलच्याच कुंपणाच्या दगडी गडग्यातून निघाले.

"अहो, हे काय चाललंय? माझे पाहुणे गाड्या कुठून काढतील?"

"तळ्यातून," फेस्टी म्हणाला.

बारावा दगड पडला आणि किल्ली फिरली. फाटक आत उघडलं, माणसांनी पेटी उचलली. सबीना मात्र मागं थांबली. तिचा दगड अजून हातातच होता.

"उघडलं ना आता, बाई!" हॅलोरन वैतागला.

"हो ना. उघडंच राहू दे."

फाटक जिथं येऊन मिटतं, नेमका तिथं तिनं दगड ठेवला, टाचेनं दाबून पक्का बसवला आणि कोलमनच्या मागं निघाली.