नकल्याचे सहा पाय

संग्रहालयातल्या फुलपाखरांच्या खोलीत दोघी बहिणी कामाला होत्या. ताई जुनी, धाकटीला लागून वर्षही झालं नव्हतं. कोणतं फुलपाखरू कुठवर सापडतं, हे भिंतीवरच्या नकाशात रंगीत टाचण्यांनी दाखवलेलं होतं. ताईनं शेकडो टाचण्या टोचल्या होत्या, पण सगळ्या दुसऱ्यांच्या शोधाच्या.

त्या सकाळी धाकटीनं डोंगरापलीकडून काळं, निळसर पट्ट्यांचं फुलपाखरू आणलं.

"ताई, हे कडवं ना? डोंगराच्या त्या अंगाला कुणालाच मिळालं नव्हतं!"

कडवं म्हणजे अंगात विष असलेलं. पक्षी त्याच्या वाटेला जात नाहीत. मुख्य बाईंनी धाकटीची पाठ थोपटली. ताईच्या पोटात दुखू लागलं.

"नशीब लागतं!" ती धाकटीला म्हणाली. "आम्ही आपल्या टाचण्या टोचतोय."

"मग येत जा की डोंगरात. तुलाच चिखलात चप्पल खराब होईल याची धास्ती!"

खोलीतले सगळे हसले. ते हसणं ताईला झोंबलं.

चहाला सगळे बाहेर गेले, तशी तिनं भिंग उचललं. काही बिनविषारी फुलपाखरं कडव्यासारखेच रंग धारण करतात आणि पक्ष्यांना फसवतात. त्यांना संग्रहालयातले लोक नकल्या म्हणत. पंख फसवतात, पाय फसवत नाहीत. कडव्याचे पुढचे दोन पाय इवलेसे, छातीशी दुमडलेले. म्हणून चारच दिसतात. नकल्याचं कुळच वेगळं, त्याचे सहाही पाय धडधाकट. 'सहा निघू देत,' म्हणत ताईनं फुलपाखरू उताणं केलं.

सहाच निघाले.

"बाई, हा तर नकल्या!" सगळे परतताच तिनं जाहीर केलं. "रंगाला भुललात!"

धाकटीचा चेहरा उतरला. ताईला गार वाटलं.

बाईंनी पाय पाहिले, मग नकाशा. नकल्याच्या पिवळ्या टाचण्या पार दुसऱ्या टोकाला होत्या.

"अगं, कडवं निदान डोंगराच्या अलीकडे तरी होतं. नकल्या इतक्या लांब? ही तर त्याहून मोठी बातमी!" त्यांनी पिवळी टाचणी धाकटीच्या हाती दिली.

गप्प बसले असते तर, असं ताईला झालं.

"फुलपाखराच्या चिठ्ठीवर शोधणारीचं नाव लिही," बाई धाकटीला म्हणाल्या, "आणि खाली ओळखणारीचं."

धाकटीनं स्वतःचं नाव लिहून पेन पुढे केलं. "तुझं तूच लिही, ताई. मी लिहिलं तर अक्षराला नावं ठेवशील."

ताईनं लिहिलं. वरच्या नावापेक्षा अंमळ मोठ्या अक्षरात.