मुकी शिळा

मित्रांनो, दाराआड भिंतीला टेकून उभी असलेली ही जुनी पहार म्हणजे मी. माझे एक टोक चपटे आहे, दुसरे टोकदार होते ते आता बोथट झाले आहे. मला उचलायला चांगला तगडा माणूस लागतो. आजकाल मात्र मला एक बाई उचलते. ती मला हात लावते तेव्हा आळीतले लोक आपापल्या घरात शिरतात. असे का, ते सांगते.

लोहाराने मला एका मोडक्या गाडीच्या आसापासून घडवले. एका तरुण पाथरवटाने मला विकत घेतले आणि त्याच दिवशी टेकडीवर नेले. त्याच्या वस्तीची रीत अशी, की माणूस गेला की त्याच्या अस्थी मडक्यात ठेवायच्या आणि ते मडके त्या घराच्या शिळेखाली न्यायचे. शिळा म्हणजे खाटेएवढा दगड, खाली दगडांनी बांधलेला खड्डा. घरात पुन्हा कोणी गेले, की पहारींनी शिळेची एक बाजू वीतभर उचलायची, खाली ओंडका सारायचा. मग घरची सून पालथी पडून खांद्यापर्यंत हात आत घालते आणि नवे मडके जुन्यांच्या शेजारी ठेवते. आजोबा, पणजोबा, सगळे एका छपराखाली. जिवंतपणी भांडले असतील नसतील, मेल्यावर दाटीवाटीने राहतात.

खड्डा भरला की नवी शिळा लागते, आणि अशी शिळा निवडणे सोपे नाही. वरून गुळगुळीत दिसणाऱ्या दगडाच्या पोटात चीर असते. माझा पाथरवट दगडावर माझे टोक आपटायचा, डोळे मिटायचा आणि ऐकायचा. चांगला दगड खणखणीत वाजतो. चिरलेला नुसता भद्द करतो. "बोलली" असे तो म्हणाला की लोक दोर टाकायला धावत. "मुकी आहे" म्हणाला की कोणी तिच्याकडे वळूनही पाहत नसे. त्याच्या कानाची कीर्ती दूरवर गेली होती आणि त्यात माझाही वाटा आहे असे मला वाटायचे. मी जरा फुशारले होते, खोटे कशाला बोलू?

पण मित्रांनो, तीस वर्षे दगडावर लोखंड आपटणाऱ्याच्या कानांचे काय होणार? ते हळूहळू गेले. पहिल्यांदा मला कळले ते टेकडीवर. एका शिळेवर त्याने मला आपटले आणि मला अंगभर कळले की हिच्या पोटात चार बोटांवर चीर आहे. त्याने डोळे मिटले, मग किलकिले करून भोवतालच्या लोकांचे चेहरे पाहिले. कोणाच्या कपाळावर आठी नाही असे पाहून म्हणाला, "बोलली!" ती शिळा त्याच्याच घरासाठी होती. तिच्याखाली त्याच्या थोरल्या भावाच्या अस्थी ठेवल्या. मला तोंड असते तर मी ओरडले असते. त्या दिवसापासून माझ्या मनाला स्वस्थता नाही.

मग त्याची बायको वारली. अस्थींचे मडके घराच्या कोपऱ्यात महिनाभर टांगलेले होते. त्या महिन्यात एकदा सुनेच्या हातून पितळी झाकण निसटले आणि पाथरवटाच्या पाठीमागे फरशीवर घणघणत फिरत राहिले. तो मान खाली घालून दोर वळत होता. त्याने मागे पाहिले नाही. सून मात्र त्याच्या पाठीकडे बराच वेळ पाहत राहिली.

"मामंजींना ऐकू येत नाही हो," तिने नवऱ्याला सांगितले.

"हळू बोल! अख्खी वस्ती त्यांच्या कानाच्या भरवशावर शिळेखाली हात घालते."

"म्हणून तर बोलतेय. परवा तो हात माझा असणार आहे."

बापाला विचारायची नवऱ्याची छाती नव्हती.

शिळा उचलायच्या दिवशी सगळे कुळ जमले. शिळेखाली घालण्याआधी मुलाने मला तिच्या कडेवर आपटले. भद्द! सुनेच्या हातात मडके होते. ती सासऱ्याकडे पाठ करून म्हणाली, "मामंजी, ही मुकी वाटते."

"हो, हो, बोलली ना!" पाथरवट हसून म्हणाला.

कोणीतरी फिसकन हसले. मग हसू जागच्या जागी विरले. सून वळून त्याच्या समोर आली आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "मी काय म्हटलं, ते ऐकलंत का तुम्ही?"

त्याला तेव्हाच कबूल करता आले असते. पण पडलो तरी नाक वर! त्याचा चेहरा लाल झाला. "माझ्या कानावर शंका? काल आलेली पोर मला दगड शिकवणार? आण ते मडकं इकडे. माझ्या बायकोला मीच ठेवतो."

"बाबा, ते काम सुनेचं असतं," मुलगा म्हणाला.

"पहार घाल!"

मुलाने मला घातले. दोन्ही बाजूंनी आणखी दोन पहारी लागल्या. शिळा वीतभर उठली, ओंडका आत गेला. पाथरवट पालथा पडला आणि त्याने खांद्यापर्यंत हात आत सारला. तेवढ्यात माझ्या टोकापाशी काहीतरी सरकले. बारीक करकर सुरू झाली. ती मी ऐकली, सुनेने ऐकली, सगळ्यांनी ऐकली.

"हात काढा! मामंजी, हात काढा!"

वीस-पंचवीस माणसे एकदम ओरडली. पाथरवट शांतपणे मडके नीट टेकवत होता. मुलगा मला सोडून त्याचे पाय ओढायला धावला, पण शिळा मधोमध मोडून खाली बसली.

तो वाचला, पण उजवा हात कोपराच्या वरून गेला. शुद्धीवर आल्यावर त्याने स्वतःहून पहिले वाक्य उच्चारले, "मला सात वर्षं झाली, ऐकू येत नाही." मग त्याने उरलेल्या हाताची बोटे मोजायला सुरुवात केली. बोटे पुरली नाहीत. त्या सात वर्षांत त्याने दुसऱ्या अकरा घरांच्या शिळा निवडल्या होत्या.

सून म्हणाली, "आजच्या आज सगळ्या वाजवून बघू."

वडीलधाऱ्यांनी माना हलवल्या. मरण नसलेल्या घराची शिळा वाजवायची नाही, असा नियम आहे. विनाकारण वाजवलेली शिळा माणूस मागते. "एक हात गेला, आता कोणाचा जीव घालवतेस?" असे तिलाच विचारले गेले. त्या अकरा घरांतले कोणीही परवानगी द्यायला तयार झाले नाही. मी त्यांना दोष देत नाही; भीती दोन्ही बाजूंनी होती.

म्हणून आम्ही वाट पाहतो. त्या घरांत मरण झाले की आधी सून जाते आणि शिळेवर मला आपटते. आजवर तीन झाल्या. दोन बोलल्या, एक मुकी निघाली आणि तिच्या जागी दुसरी आणली. आठ राहिल्या आहेत. त्या आठ घरांपैकी कुठे कोणी जोरात खोकले, की सून हातातले काम टाकून माझ्याकडे बघते. चांगली बाई, पण लोक आता तिला टाळतात. पाथरवट ओट्यावर बसून असतो. येणाऱ्याजाणाऱ्याला आधीच सांगतो, "मी बहिरा आहे, समोर येऊन बोला." हे सात वर्षे आधी सांगायला त्याला काय लागले असते?

मित्रांनो, मला गंज चढला तर चढू द्या, त्याचे मला काही नाही. पण तुमचा कान, डोळा किंवा हात तुम्हाला सोडून जाऊ लागला, तर ज्यांचे प्राण तुमच्या कामावर अवलंबून आहेत त्यांना त्याच दिवशी सांगा. लाज वाटेल. वाटू द्या.

आत्ताच त्या आठांपैकी विहिरीजवळच्या घरातून निरोप आला आहे, म्हातारे गेले. त्या घरची सून अगदी नवी आहे. सासऱ्यांचे मडके तिलाच ठेवायचे आहे, आणि त्यांची शिळा आमच्या पाथरवटाने कोणत्या वर्षी निवडली हे तिला कोणी सांगितलेले नाही. आमची सून मला घ्यायला उठली आहे.