शटरामागच्या दोन गाड्या

सत्यनारायणांची मोटरसायकल सत्तावीस वर्षांची होती. देवराज मोहल्ल्यातल्या आपल्या शिलाईच्या दुकानाला ते तिच्यावरूनच जात. हिवाळ्यात ती सहजासहजी सुरू व्हायची नाही. चोक ओढायचा, दहाबारा किका मारायच्या, मग ती खोकत धूर ओकत पेटायची आणि पाचसात मिनिटं तशीच धडधडत ठेवली तरच रस्त्यावर न अडता चालायची. हे त्यांना इतकं अंगवळणी पडलं होतं की लेकीने नवी गाडी घेतली, तेव्हा तीही ते रोज तशीच गरम करू लागले.

त्यांची लेक भव्या मेटगळ्ळीच्या एका कारखान्यात रात्रपाळीला होती. ये-जा कंपनीच्या बसने व्हायची, त्यामुळे तिची गाडी रात्रभर घरीच थंड उभी असे. गाडी नव्या पद्धतीची, फ्युएल इंजेक्शनची.

"अप्पा, माझ्या गाडीला हे नको," तिने दोनदा सांगून पाहिलं. "तुमच्या गाडीत थंडीत पेट्रोल नीट पेटत नाही, म्हणून चोक ओढून हवा कमी करावी लागते. माझ्या गाडीला सेन्सर आहे. इंजिन किती थंड आहे ते बघून ती आपलं आपण पेट्रोल घेते. बटन दाबा, अर्धं मिनिट थांबा आणि हळू निघा. साकु, एवढंच पुरे!"

"इंजिन ते इंजिन गं," सत्यनारायण म्हणाले. "थंड लोखंड पळवलं की झिजतं. सेन्सर काय करणार त्याला?"

भव्याने नाद सोडला.

गाड्या घराखालच्या शेडमध्ये असायच्या. तीन बाजूंना भिंती, समोर लोखंडी शटर. आतल्या भिंतीला भव्याच्या खोलीची जाळीची खिडकी होती. धनुर्मास लागला त्या सुमारास समोरच्या नरसिंहमूर्तींच्या घरी नात झाली. एका सकाळी ते हात जोडून आले. "सत्यनारायणराव, बाळ दचकून उठतं हो. धूरही थेट आमच्या घरात येतो. थोडं बघा."

सत्यनारायण ओशाळले. दुसऱ्या दिवसापासून ते शटर खाली ओढून गाड्या गरम करू लागले. जमिनीपाशी वीतभर फट ठेवत. आवाज कमी झाला, शेजारी खूश झाले, आणि आपण कुणाचं मन राखलं याचं त्यांनाही बरं वाटलं.

त्या आठवड्यात भव्याचं डोकं दुखू लागलं. साडेसहाला पाळीवरून येऊन ती झोपायची आणि उठल्यावर कपाळ धरून बसायची. एकदा उलटीही झाली. तिची आई कमलाक्षी म्हणाली, "रात्रपाळीने पित्त झालंय, अल्वा? हो ना?" तिने आल्याचा रस दिला. शेडचा विचार कुणाच्याच मनात आला नाही.

त्या गुरुवारी धुकं फार होतं. कमलाक्षी पहाटेच देवळात गेली होती. धनुर्मासातली पूजा आटोपून, प्रसादाच्या हुग्गीचा, मूगडाळीच्या खिचडीचा डबा घेऊन ती सव्वासातला गल्लीत शिरली, तेव्हा तिला आपल्या घरातून इंजिनाचा आवाज ऐकू आला. जुनी गाडी चोकवर धावते तसा, चढा आणि एकसारखा. एवढा वेळ? एरवी सातला ती बंद झालेली असायची.

शटर पार जमिनीला टेकलेलं होतं. आज फटसुद्धा नव्हती.

"अहो!" तिने हाक मारली. शटरावर थाप मारली. "अहो, ऐकू येतंय का?"

इंजिन धडधडत राहिलं.

डबा पायरीवर टाकून तिने दोन्ही हातांनी शटर उचललं. ते कमरेपर्यंत आलं आणि आतून गरम, पेट्रोलच्या वासाची हवा तिच्या तोंडावर आदळली. सत्यनारायण भिंतीला टेकून जमिनीवर बसले होते. हातात पुसायचं फडकं, मान छातीवर, तोंड उघडं.

कमलाक्षीला ओरडता येईना. ती वाकून आत शिरली आणि त्यांच्या काखांत हात घालून ओढू लागली. त्यांचा देह कापडाच्या ओल्या गठ्ठ्यासारखा जड झाला होता. उंबऱ्याशी येईपर्यंत तिच्या कानांत गुणगुणू लागलं. तिने त्यांना कसंबसं रस्त्यावर आणलं आणि गालावर थापट्या मारल्या. त्यांनी एक घरघरता श्वास घेतला. मग दुसरा.

श्वास रोखून ती पुन्हा आत धावली आणि जुन्या गाडीची किल्ली फिरवली. धडधड थांबली.

तरीही काहीतरी घुमत होतं. अगदी हळू, शिलाई मशीन दुसऱ्या खोलीत चालावी तसं. नवी गाडी! ती इतकी शांत चालत होती की जुनीच्या गोंगाटात तिला ती कळलीच नव्हती. तिचीही किल्ली फिरवून तिने मान वर केली आणि नजर भिंतीवरच्या जाळीच्या खिडकीवर पडली. खिडकीचं दार उघडं होतं.

आत भव्या झोपली होती.

"भव्या!" आता तिला आवाज फुटला. जाळीतून पलंगावरचं पांघरूण दिसत होतं. ते हललं नाही. "भव्या, ऊठ गं! ऊठ!"

ती बाहेरून वळसा घालून घरात धावली. दिवसा कुणी उठवू नये म्हणून भव्या आतून कडी लावून झोपायची. कमलाक्षीने दारावर मुठी मारल्या, खांदा मारला. दार हललं नाही. पलीकडे आपली मुलगी आहे, आणि ती जिवंत आहे की नाही हे आपल्याला माहीत नाही, एवढंच तिच्या डोक्यात फिरत होतं.

"एनायतम्मा? काय झालं?" नरसिंहमूर्ती आरडाओरडा ऐकून धावत आले होते.

"मुलगी आत आहे! दार, दार तोडा!"

दोघांनी मिळून धडक दिली. तिसऱ्या धडकेला कडी भिंतीतून निखळली. भव्या कुशीवर पडली होती. उशीवर उलटी झालेली होती. कमलाक्षीने तिचं डोकं उचललं तर ते मागे लोंबलं. पांघरुणासकट त्यांनी तिला उचलून बाहेर आणलं आणि धुक्यात, रस्त्यावर ठेवलं. नरसिंहमूर्तींनी नाकापाशी बोट धरलं. कमलाक्षी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. एवढा लांब क्षण तिने आयुष्यात कधी काढला नव्हता.

"श्वास आहे," ते म्हणाले.

इस्पितळात दोघांनाही ऑक्सिजन लावला. डॉक्टर विशालाक्षी, भव्यापेक्षा फार मोठी नसेल, त्यांच्या खाटेपाशी आली. "घरात बंद जागेत काही जळत होतं का?"

सत्यनारायण तोपर्यंत शुद्धीवर आले होते. मास्क बाजूला सारून ते म्हणाले, "गाड्या गरम करत होतो. जुनी पुन्हापुन्हा बंद पडत होती. थंडी लागली, म्हणून शटर पूर्ण ओढलं. मग डोकं गरगरलं... वाटलं, जरा बसावं."

"इंजिनातून एक विषारी वायू निघतो," ती म्हणाली. "त्याला रंग नाही, वास नाही. इंजिन थंड असलं, चोक ओढलेला असला की तो आणखी जास्त. आधी नुसतं डोकं दुखतं, मळमळतं."

सत्यनारायणांनी बायकोकडे पाहिलं. आठवडाभराचं भव्याचं कपाळ धरून बसणं दोघांनाही एकदमच आठवलं. "मीच," ते म्हणाले. "रोज थोडं थोडं मीच देत होतो तिला." कमलाक्षीने त्यांचा हात धरला, पण 'तुम्ही नाही' असं काही तिच्या तोंडून निघालं नाही.

भव्याने दुपारी दोनला डोळे उघडले. आईला ओळखलं. अप्पांकडे मात्र बराच वेळ नुसतीच बघत राहिली. सत्यनारायण तिच्या आणखी जवळ वाकले. "भव्या, मी गं," ते पुटपुटले.

"अप्पा," ती शेवटी म्हणाली, "तुमचा शर्ट उलटा आहे."

कमलाक्षी भिंतीकडे तोंड करून रडली.

तीन दिवसांनी भव्या घरी आली. महिनाभर तिला शब्द आठवायचे नाहीत. कात्रीला ती 'ते कापायचं' म्हणायची आणि चिडून रडायची. मग हळूहळू ते परत आले. शटर काढून सत्यनारायणांनी उघडी जाळी बसवून घेतली. भव्याच्या गाडीला ते हात लावत नाहीत. आपली जुनी ते रोज ढकलत गल्लीच्या टोकाच्या मैदानात नेतात, तिथे चोक ओढतात, आणि ती थोडी स्थिरावली की हळूच निघतात. नरसिंहमूर्ती कधी ढकलायला हात लावतात.

कमलाक्षीची भीती मात्र गेली नाही. भव्या दिवसा झोपली की ती दर तासाला उठते, खोलीत जाते आणि लेकीच्या नाकापाशी बोटं धरते.

परवा भव्या डोळे न उघडताच म्हणाली, "आई, श्वास चालू आहे. झोपू दे गं."

"झोप, झोप," कमलाक्षी म्हणाली. पण बोटं तिने लगेच काढली नाहीत.